कोटाच्या विटा

आमच्या वसई तालुक्यात कोट म्हटला की तो दगडाचा. वसईचा कोट दगडाचा, अर्नाळ्याचा जंजिरा दगडाचा. खाऱ्या वाऱ्याला आणि चार महिन्यांच्या पावसाला पुरून उरायचं तर दगड आणि चुनाच हवा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली. दोनशे वर्षं त्यांनी तो कोट वाढवला, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. हा इतिहास आम्हाला शाळेत शिकवावा लागला नाही. घराघरांत तो होताच.

पण नालासोपाऱ्याला, स्टेशनच्या पश्चिम बाजूला, आणखी एक कोट आहे आणि तो विटांचा आहे. बुरुड राजाचा कोट. त्याला बुरूज नाही, तट नाही, खंदक नाही, तोफेची खिडकी नाही. झाडीत उभा असलेला विटांचा एक मोठा गोल ढीग, एवढंच. लढाई म्हणून तिथे कधी झाल्याचं कोणी सांगत नाही. तरी आजीच्या तोंडी तो कोटच. तिची आजीही कोटच म्हणायची.

आजी सांगायची, "बुरुड राजा मोठा साधा. राज्य करायचा, पण खायचा ते स्वतःच्या हाताचं. सुपं विणायचा, बाजारात विकायचा, त्याच्यावर घर चालवायचा. रयतेचा पैसा घरात घेतला नाय त्याने."

"मग एवढा कोट कशाला बांधला?" असं आम्ही विचारलं की ती थोडी अडायची. मग म्हणायची, "काहीतरी जपायचं असेल. त्याशिवाय कोण एवढ्या विटा रचतो?"

अक्षरओळख नसलेल्या म्हातारीचं हे उत्तर, आणि पुढे वाचन वाढलं तेव्हा मला कळलं की ते तंतोतंत खरं होतं.

सोपाऱ्याचं जुनं नाव शूर्पारक. शूर्प म्हणजे सूप. महाभारतात समुद्राने परशुरामासाठी जी जागा मोकळी करून दिली तिचं नाव शूर्पारक. सुपाच्या नावाचं गाव आणि सुपं विणणारा राजा, या दोहोंत काही नातं असेल का, असं मला नेहमी वाटतं. पुरावा माझ्याकडे नाही. पण लोकांची आठवण अशीच चालते. अर्थ गळून जातो, वस्तू राहते.

आज सोपारा म्हणजे विरार लोकलची गर्दी, एकाला एक लागलेल्या इमारती आणि पाण्याचे टँकर. त्या काळी खाडीतून गलबतं इथपर्यंत येत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्राकडून येणाऱ्या ग्रीक खलाशांसाठी लिहिलेल्या प्रवासपुस्तकात सोपाऱ्याचं नाव आहे, टॉलेमीच्या भूगोलात आहे. बौद्ध कथांतला पूर्ण नावाचा व्यापारी इथलाच. समुद्रावर फिरून कमावलेल्या चंदनाचा त्याने विहार बांधला आणि खुद्द बुद्धाला बोलावलं, अशी कथा आहे. सिंहली ग्रंथ सांगतात की लंकेला पोचण्याआधी राजपुत्र विजयाची जहाजं सोपाऱ्याला लागली होती.

कथा बाजूला ठेवल्या तरी दगडावर कोरलेले पुरावे आहेत. नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने खोदवून दिलेलं पाण्याचं टाकं आहे. बंदरावर कमवायचं आणि घाट चढणाऱ्या माणसा-जनावरांसाठी पाणी द्यायचं, हा हिशेब मला फार आवडतो. कार्ल्याच्या लेण्यातल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्षूचं दान नोंदलेलं आहे. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, डाहाणुका या नद्यांवर त्याने फुकट होड्या ठेवल्या, आणि शोर्पारगातल्या रामतीर्थाचं नाव घेऊन बत्तीस हजार नारळीच्या झाडांचं दान लिहून ठेवलं. नारळीची झाडं दान देणारा लेख वाचला तेव्हा मी आमच्या वाडीतली झाडं मोजली. चौतीस होती.

आता कोटाकडे येतो.

१८८२ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा भाग तयार होत होता. काम जेम्स कॅम्पबेल या अधिकाऱ्याकडे होतं आणि त्यांना जुन्या लेखांत, नाण्यांत मदत करत होते पंडित भगवानलाल इंद्रजी. जुनागढला १८३९ मध्ये जन्मलेला हा माणूस. गिरनारच्या पायथ्याचा अशोकाचा शिलालेख समोर बसून, एकेक अक्षर घोटत तो लिपी शिकला. पुढे मुंबईला डॉ. भाऊ दाजींच्या हाताखाली काम केलं, देशभर फिरून लेख उतरवले. इंग्रजी बेताचं. लेख गुजरातीत लिहायचे, दुसऱ्या कोणीतरी त्याचं इंग्रजी करायचं. १८८४ मध्ये हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना घरबसल्या डॉक्टर केलं. १८८८ मध्ये ते गेले, पन्नाशीही न गाठता.

त्याच १८८२ साली भाटेला तळ्याजवळ भगवानलालांना एक फुटका काळा दगड मिळाला. त्यावर अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा होता. पुढे १९५६ साली भुईगावला नवव्या आज्ञेचा तुकडा मिळाला. म्हणजे सोपाऱ्याला एकेकाळी अशोकाच्या सगळ्या मोठ्या आज्ञा दगडावर कोरून उभ्या असणार.

आणि एप्रिल महिन्यात त्यांनी बुरुड राजाचा कोट मधोमध उकलला.

आत राजवाडा नव्हता, दारूगोळा नव्हता. विटांच्या पोटात बसवलेला एक गोल दगडी डबा होता. झाकण उचललं तर मधोमध तांब्याची डबी आणि तिच्याभोवती कडं करून बसलेल्या धातूच्या आठ छोट्या मूर्ती. सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या, आठवी अजून यायच्या मैत्रेयाची. तांब्याच्या डबीत चांदीची डबी, चांदीच्या आत दगडाची, दगडाच्या आत स्फटिकाची, स्फटिकाच्या आत सोन्याची. सोबत सोन्याच्या पत्र्याची नाजूक फुलं. आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते तुकडे, असं भगवानलालांनी ठरवलं.

तो कोट म्हणजे स्तूप होता. काहीतरी जपायचं असेल म्हणून रचलेल्या विटा.

मला या सगळ्यात सोन्यापेक्षा एक दुसरी गोष्ट धरून ठेवते. डब्याबरोबर चांदीचं एक नाणं सापडलं, गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचं, न झिजलेलं. म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा शेवट किंवा त्याच्या आसपास. पण त्या आठ मूर्ती घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. एकाच डब्यात सहा-सातशे वर्षांचं अंतर! याचा सरळ अर्थ असा की, सातवाहनांच्या काळात बंद केलेला तो डबा मधे कधीतरी कोणीतरी उघडला होता. विटा काढल्या, झाकण उचललं, आतलं बघितलं. सोनं होतं, चांदी होती, नेलं नाही. उलट आपल्या काळच्या आठ मूर्ती त्यात ठेवल्या आणि विटा पुन्हा रचून बंद केलं.

तो माणूस कोण होता, भिक्षू होता की गवंडी, त्याचं नाव कुठे नाही. पण सोपाऱ्याच्या इतिहासात मला गोविंददासाइतकाच तो माणूस जवळचा वाटतो. त्यानंतर हजार वर्षांनी भगवानलाल आले. त्यांनीही उघडलं, पण काय कुठे होतं, कोणती मूर्ती कुठल्या जागी होती, डबीच्या आत कोणती डबी होती, हे सगळं टिपलं, चित्रं काढवली आणि छापून ठेवलं. त्या वस्तू आज मुंबईला एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलात आहेत. वस्तू गेली तरी तिची जागा कागदावर राहिली.

विटेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्याकडे शिलालेखाला मान आहे, नाण्याला मान आहे, वीट मात्र चुलीला लावायची वस्तू. जुनी वीट ओळखायला पंडित लागत नाही. आजची भट्टीची वीट नऊ इंच लांब, चार-साडेचार इंच रुंद, तीन इंच जाड. एका हातात मावते, कारण गवंड्याला ती एका हाताने उचलायची असते. सातवाहनकाळची वीट मोठी आणि चपटी, हात-सव्वा हात लांब, बसकी. दोन हातांशिवाय उचलत नाही. मातीत भाताचं तूस मळलेलं असतं. भाजताना तूस जळून जातं आणि विटेत बारीक भोकं राहतात. त्यामुळे वीट आतपर्यंत नीट भाजते आणि हलकीही होते. मराठवाड्यात तेरला त्रिविक्रमाचं जे जुनं विटांचं देऊळ आहे, त्या गावच्या विटा पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यामागे चमत्कार नाही, हीच पोकळी आहे. सांध्याला बहुतेक वेळा चुना नसतो, चिखलच. म्हणून झाडाचं मूळ शिरलं, पाणी मुरलं की थर सुटत जातात. पण विटा तशाच राहतात.

अशा विटा आमच्या भागात जमिनीखाली किती असतील! विहिरीचा खड्डा घेताना, माडाचं आळं करताना, कोणाच्या ना कोणाच्या वाडीत त्या निघायच्या. निघाल्या की म्हातारे म्हणत, "कोटाच्या आहेत." मग त्या कोटापासून मैलभर लांब का असेनात. आमच्या माजघरात पाण्याच्या मडक्याखाली तशी एक वीट होती. तिच्यावर पाय पडला तर आजी नमस्कार करायला लावायची. पुस्तकाला पाय लागला की करतो तसा.

काही वर्षांपूर्वी आमच्या चुलतभावाने वाडीचा रस्त्याकडचा तुकडा बांधकामाला दिला. कोटापासून ती जागा पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. केळी कधीच गेल्या होत्या, पानवेलीचे मांडव तर त्याआधीच. गोडं पाणी टँकरने उपसून नेल्यावर विहिरीला मचूळ चव आली आणि वाडी करण्यात राम उरला नाही. दादाला तीन मुली, दोघींची शिक्षणं चाललेली. त्याला दोष द्यावा असं त्यात काहीच नव्हतं.

खांबांसाठी जेसीबीने खड्डे घेतले. दोन खड्ड्यांत साधारण पाच फुटांवर विटांची ओळ लागली. भिंतच. सात थर मी मोजले. एका खड्ड्यातून निघून सरळ दुसऱ्या खड्ड्याकडे गेलेली, पूर्व-पश्चिम. मी काठावर उभा राहून बघत होतो, तेवढ्यात माती उचलायला आलेली एक कातकरी बाई खड्ड्यात उतरली. पावसाळा संपला की ही माणसं वीटभट्टीवर जातात, भट्टी बंद झाली की मिळेल त्या कामावर. तिने एक सुटी वीट उचलली, उलटी केली, नखाने खरवडली.

"बाबा, ही आपल्या भट्टीची नाय," ती म्हणाली. "हिच्यात तूस घातलंय बघा. आन् ह्या बोटांच्या रेघा. ओली असताना कोणीतरी हात फिरवलाय."

मी हातात घेऊन बघितली. तीन बोटांच्या रेघा, वळणदार, अगदी स्पष्ट. तिने आपली तीन बोटं त्यात ठेवून बघितली. "बाईचा हात दिसतो," म्हणाली आणि वीट हळूच बाजूला ठेवून घमेलं उचललं.

पुस्तकांत सातवाहन वाचले होते, क्षत्रप वाचले होते. विटा थापणारं माणूस मला पहिल्यांदा तिने दाखवलं. गोविंददासाचं नाव दगडावर राहिलं. ज्यांनी माती तुडवली, तूस मळलं, साचे भरले, उन्हात वाळवून भट्टी लावली, त्यांच्या एवढ्या रेघाच राहिल्या.

संध्याकाळी दादा माझ्याकडे आला. "तू कुठे लिहून-बिहून कळवू नको. जागा अडकली तर मी काय करू? तो पलीकडच्या आळीतला सांगत होता, जुनं काही निघालं की सरकार शंभर मीटर बंद करतं."

ही भीती आमच्याकडे घराघरांत आहे, म्हणून नीट सांगतो. १९५८ चा कायदा आहे आणि २०१० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीने बांधकाम, असा तो नियम. जमिनीत वीट निघाली म्हणून आपोआप जागा बंद होत नाही. धनाचा कायदा त्याहून जुना, १८७८ चा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवायचं, असं तो सांगतो. पण हे गावात कोण समजावून देणार? कायदा कळत नाही तिथे भीती राज्य करते. आणि त्या भीतीपोटी रात्रीतून काँक्रीट ओतलं जातं. दिसलेलं कोणी बघितलं नाही असं ठरतं. आमच्या पट्ट्यात असं किती वेळा ठरलं असेल, त्याची गणती नाही.

मी दादाला म्हटलं, "काम थांबव असं मी म्हणत नाही. मला फक्त दोन दिवस दे. हे दोन खड्डे सोडून बाकीचे भर."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजी असती तर तिने काय सांगितलं असतं?"

"नमस्कार करायला लावला असता."

तो हसला. दोन दिवस मिळाले.

पहिल्या दिवशी मी शिंप्याची टेप घेऊन उतरलो. वीट साडेपंधरा इंच लांब, पावणेदहा रुंद, पावणेतीन जाड. अकरा विटा मोजल्या, एखाद-दोन दोऱ्यांचा फरक, बाकी सारख्या. जमिनीपासून वरच्या थराची खोली पाच फूट दोन इंच. भिंतीची रुंदी अडीच विटा. दिशा होकायंत्राने घेतली. खापऱ्या ज्या खोलीवर निघाल्या ती खोली चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी त्याच पिशवीत टाकली. भाच्याने मोबाइलवर फोटो काढले, प्रत्येक फोटोत शेजारी शाळेची फूटपट्टी ठेवून. ओळखीतून पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना ते पाठवले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दोन विद्यार्थी घेऊन ते लोकलने आले, दिवसभर उन्हात बसून भिंतीचं मोजून चित्र काढलं, खापऱ्या बघितल्या.

दादाने भीत भीत विचारलं, "सर, आता आमचं काय?"

ते म्हणाले, "तुमचं काही नाही. जागा अडवायचा मला अधिकार नाही आणि तेवढ्यासाठी मी आलोही नाही. एकटी भिंत फारसं बोलत नाही. पण अशा वीस ठिकाणच्या नोंदी एका नकाशावर आल्या तर गाव कुठून कुठे पसरलं होतं ते दिसेल. आज एक नोंद झाली."

सोमवारी खड्डे भरले. आधी दादाने स्वतः दोन पाट्या वाळू भिंतीवर टाकली, मग काँक्रीट. तिथे आज चार मजली इमारत आहे. दोन विटा त्याने ठेवून घेतल्या, तुळशीजवळ. बोटांच्या रेघांची प्राध्यापकांनी नेली, रीतसर चिठ्ठी लिहून.

भिंत वाचली का? वाचली नाही, खांबाच्या जागी तुटलीच. सगळा सोपारा उकरून बघता येणार नाही आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या गावासाठी आजच्या माणसाने घर बांधू नये, असंही म्हणता येणार नाही. सोपारा कायम गावावर गाव असंच वसत आलंय. पण ज्याने नवव्या शतकाच्या सुमाराला स्तूप उघडला, त्याने तो नेटका बंद केला. भगवानलालांनी उघडला आणि लिहून ठेवलं. आम्ही उघडतो तेव्हा या दोहोंतलं एक तरी करावं, एवढंच माझं मागणं आहे.

म्हणून वाचणाऱ्याला सांगतो. वसई असो, चौल असो, नाहीतर घाटावरचं एखादं पांढरीचं टेकाड असो. खणताना मोठ्या चपट्या विटा ओळीने लागल्या तर घाबरू नका आणि त्या उपटूही नका. लांबी, रुंदी, जाडी मोजा. जमिनीपासून किती खोल ते लिहा. भिंत कोणत्या दिशेला जाते ते लिहा. सोबतच्या खापऱ्या धुऊ नका, पिशवीत घालून खोली लिहा. फूटपट्टी ठेवून फोटो काढा. जवळच्या महाविद्यालयात, पुरातत्त्व खात्यात नाहीतर संग्रहालयात कळवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्याला वहीचं एक पान लागतं.

आमच्या वाडीच्या पानाच्या मी तीन नकला केल्या. एक प्राध्यापकांकडे आहे, एक गावच्या वाचनालयात. तिसरी दादाने मागून घेतली आणि इमारतीच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावली.